हरकत

झेन्सव्हिलला एक पूल आहे, मधोमध पोचून फाटणारा.
तो पूर्ण ओलांडूनही माणूस
त्याच काठावर राहू शकतो.

कोर्ट तिथून चार मिनिटांवर.
मी हात वर करून शपथ घेतली:
पदरचं काही घालणार नाही, काही गाळणार नाही.
ओहायोत नऊ वर्षं दुभाषी आहे,
मराठीसाठी बोलावणं हे तिसरंच.

पुंडलिक नेहेते, वय चोपन्न, मूळ गाव यावल.
दुकानमालकाच्या व्हॅनमध्ये
वेस्ट व्हर्जिनियातून आणलेली सिगारेटची बावीस खोकी,
एकावरही इथल्या कराचा शिक्का नाही.
आत काय आहे ते विचारलं नाही, म्हणतात.
मालकाला विचारतात का?

त्यांचा वकील तरुण, बुटाची नाडी सुटलेली.
त्याने चौथी दुरुस्ती वाचली, पाठ असूनही वाचून:
माणूस, त्याचं घर, त्याचे कागद, चीजवस्तू,
यांची अवाजवी झडती होणार नाही.
'अवाजवी' म्हणताना मी अडखळले.
आपल्याकडे भाव वाजवी असतो, भाडं वाजवी असतं.
झडतीचा भाव कोणी काढायचा?

मग ध्वनिफीत.
रात्रीचा हायवे, ट्रकांची घरघर,
आणि पोलिसाचा अदबशीर आवाज:
मी आत पाहिलं तर तुमची हरकत आहे का?
'यस, यस, सर.'

वकील उठला. ऐकलंत? हरकत आहे का? तर आहे!
याहून स्वच्छ नकार कसा असतो?
सरकारी वकीलबाई बसूनच म्हणाल्या,
पण ते हसले. मागचं दार स्वतः उघडलं.
मोबाइलचा उजेडसुद्धा धरला.

'नाही म्हणता येतं, हे तुम्हाला ठाऊक होतं?'
नेहेते म्हणाले, 'दारात आलेल्या माणसाला
तोंडावर नाही कसं म्हणायचं?'
मी दार इंग्रजीत नेलं, माणूस नेला, तोंडही नेलं,
'कसं' तेवढं वाटेत सांडलं.

पोलिसाने तसं सांगितलं नव्हतं.
न्यायाधीश म्हणाले, सांगणं बंधनकारक नाही.
सगळं पाहून ठरवायचं, संमती आपखुशीची होती का.
आणि गप्प राहायचा हक्क?
तो सांगतात, कोठडीत प्रश्न विचारण्याआधी,
पण नुसतं गप्प राहून तो बजावता येत नाही,
मी गप्प राहणार, असं आधी बोलावं लागतं.

हे सगळं मराठीत आणताना
मला 'हक्क' याच शब्दाने दगा दिला.
'हक्काने ये गं जेवायला,' आई म्हणायची,
म्हणजे न विचारता ये, दार लोटून ये.
इथे हक्क म्हणजे कुंपण,
कडी आतल्या बाजूला,
आणि पाहुणचार अंगात मुरलेला माणूस
हसत हसत ती काढून देतो.

नेहेते माझ्याकडे वळले.
'ताई, तुम्हीच सांगा, मी काय म्हणायला हवं होतं?'
शपथ म्हणजे शपथ.
मी माइककडे तोंड करून
त्यांचा प्रश्न इंग्रजीत मलाच विचारला.
लेखनिकेने टिपून घेतला.
पुढे कुणीच काही बोललं नाही. मीही नाही.

शुक्रवारी निकालाला गेले तेव्हा
दारावरच्या शिपायाने विचारलं,
बॅग बघितली तर चालेल ना?
वाक्य संपण्याआधीच माझी चेन उघडी होती.
डबा, छत्री, सर्दीच्या गोळ्या.
मी हसत होते.

झडती संमतीने झाली. अर्ज फेटाळला.
निकाल अकरा पानी, आठव्या पानावर तळटीप, बारीक अक्षरात:
आरोपीच्या मातृभाषेत अशा 'हो'चा नेमका अर्थ काय,
याबद्दल दुभाषीला
विचारण्यात आलेलं नव्हतं.